पावसाआधी फुलणारे फूल

शास्त्रपाठ : यशया ३५:१–१०; प्रेषितांची कृत्ये ९:३२–४३



यशयाच्या ग्रंथाचा पस्तिसावा अध्याय आपल्या मंडळ्यांतून आगमनकाळी पुष्कळदा वाचला जातो. ओसाड रान हर्ष करील, रखरखीत भूमी फुलून येईल, असे संदेष्टा तेथे सांगतो. आणि त्या फुलण्याला उपमा म्हणून एका फुलाचे नाव घेतो. इब्री भाषेत ते नाव ‘हबत्सेलेत’ असे आहे. साऱ्या जुन्या करारात हा शब्द दोनच ठिकाणी येतो. एक हे ठिकाण, आणि दुसरे गीतरत्न २:१, जेथे वधू आपणांस शारोनाचे फूल म्हणवते. जुन्या इंग्रजी भाषांतरात ह्या फुलाला गुलाब म्हटले आहे, तर अलीकडच्या काही भाषांतरांत केशराच्या जातीचे फूल म्हटले आहे. परंतु इब्री भाषेत कांद्याला ‘बत्साल’ म्हणतात. अरण्यात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांना मिसरातल्या ज्या कांद्यांची आठवण झाली (गणना ११:५), तोच हा शब्द. ‘हबत्सेलेत’ ह्या नावात त्याचाच अंश असावा, म्हणून हे कंदातून उगवणारे एखादे रानफूल असले पाहिजे, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. कोणी म्हणतात ती नर्गिस, कोणी म्हणतात ते समुद्रकाठच्या वाळूत उगवणारे पांढरे फूल. आज इस्राएलात बोलल्या जाणाऱ्या इब्री भाषेत ‘हबत्सेलेत’ म्हटले की हे वाळूतले पांढरे फूलच समजले जाते. शास्त्रज्ञ त्याला ‘पँक्रॅशियम मॅरिटिमम’ म्हणतात.

विद्वानांचा वाद विद्वानांवर सोपवू. आज आपण ह्या वाळूतल्या फुलाकडे थोडा वेळ पाहू. प्रभूनेच आपल्याला रानफुलांचा विचार करावयास सांगितले आहे (मत्तय ६:२८). विचार करणे म्हणजे नुसती नजर टाकून पुढे जाणे नव्हे. ते कोठे वाढते, कशावर जगते, कधी फुलते, हे नीट पाहावयास हवे.

फूल आणि त्याची भूमी

शारोन म्हणजे कर्मेल डोंगराच्या पायथ्यापासून दक्षिणेस यापोजवळच्या यार्कोन नदीपर्यंत, भूमध्य समुद्राच्या कडेकडेने गेलेली सपाट पट्टी. तिच्या समुद्राकडील अंगास वाळूच्या टेकड्या आहेत. वाळूत पाणी ठरत नाही. दिवसा ती तापते, समुद्रावरचा वारा तिच्यावर खारट तुषार उडवतो, आणि वाऱ्याबरोबर ती आपली जागाही बदलते. त्या देशात पाऊस पडतो तो हिवाळ्यात. आगोटीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि वळवाचा पाऊस मार्च-एप्रिलच्या सुमारास संपतो. मे ते सप्टेंबर जवळजवळ थेंबही पडत नाही.

अशा वाळूत, कित्येकदा हातभर खोल, ह्या फुलाचा कंद असतो. पावसाळी हिवाळ्यात त्याची निळसर हिरवी, पट्ट्यासारखी पाने वर येतात. उन्हाळा कडक झाला की ती बहुधा सुकून जातात. मग वरून पाहणाराला तेथे काही आहे असे वाटतही नाही. आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे साऱ्या वर्षात जमीन जेव्हा अगदी कोरडी ठणठणीत असते तेव्हा, त्या वाळूतून एक जाड दांडा वर येतो. त्याच्या टोकाला पांढऱ्या शुभ्र फुलांचा घोस लागतो. कलत्या दुपारनंतर ती उमलतात आणि रात्री त्यांचा सुवास वाळूवर पसरतो. आपल्याकडचा निशिगंध ज्यांनी अंगणात लावला आहे, त्यांना ह्या सुवासाची थोडी कल्पना येईल.

ह्याच कुळातली लहान पांढरी फुले आपल्या सह्याद्रीच्या माळांवरही आहेत. परंतु दोघांच्या रीतीत मोठा फरक आहे. आपल्याकडची फुले जूनचा पहिला पाऊस पडला की वर येतात. शारोनचे फूल पाऊस पडण्याआधी फुलते.

पाऊस पडल्यावर सगळेच माळ हिरवे होतात. पावसाआधी फुलावयाचे म्हणजे काय, हे आपण ह्या फुलापासून शिकावे अशी माझी विनंती आहे.

मागच्या पावसाचा साठा

पहिली गोष्ट ही, की हे फूल मागच्या हिवाळ्याच्या साठ्यावर फुलते. पाने हिरवी होती, वाळू ओली होती, त्या महिन्यांत कंदाने आपल्या पदरी जे भरून ठेवले, त्याच्यावर भर दुष्काळात फुलांचा घोस उभा राहतो. बी रुजल्यापासून पहिले फूल येण्यास तीन-चार वर्षे, कधी अधिकही लागतात. तोवर दर हिवाळ्यास पाने येतात, दर उन्हाळ्यास सुकतात, आणि कंद मात्र वाळूच्या आत थोडाथोडा भरत जातो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, तुमचे काम त्या हिवाळ्याचे आहे. सात-आठ वर्षांचे मूल तुमच्यासमोर बसून स्तोत्र पाठ करते, अर्धे विसरते, बाहेर खेळणाऱ्या मुलांकडे पाहत राहते. त्या वेळी तुम्हाला फूल दिसणार नाही. पण कंद भरतो आहे. आपल्या मंडळीत अशी एखादी आजी असतेच, जिची दृष्टी गेली आहे, हातात शास्त्र धरले तरी अक्षर दिसत नाही. तिच्या उशाशी बसून कोणी तेविसावे स्तोत्र सुरू केले की पुढचा सारा भाग ती स्वतः म्हणते. ते तिने त्या दिवशी शिकलेले नसते. सत्तर वर्षांपूर्वी कोणा शिक्षकाने, बहुधा चार-सहा मुलांच्या वर्गात, ते तिच्याकडून घोकून घेतलेले असते. तो शिक्षक देवाघरी गेला. फूल आज उमलले.

आणि वडीलधाऱ्यांनो, येथे थोडी कडू गोष्टही ऐकली पाहिजे. ज्या कंदाने ओल्या दिवसांत काही साठवले नाही, त्याला कोरड्या दिवसांत फुलता येत नाही. घरात सुख आहे, नोकरी आहे, सर्वांची प्रकृती ठीक आहे, असे दिवस प्रार्थनेत व वचनात घालवावयाचे दिवस आहेत. त्या दिवसांत घरची कौटुंबिक उपासना ‘वेळ मिळत नाही’ म्हणून बंद पडली, तर दुःखाच्या दिवशी ती एकदम सुरू होईल असे समजू नये. देवाची कृपा साठ्यावर अवलंबून नाही, हे खरेच. तो खडकातूनही पाणी काढतो. तरी त्याने हिवाळा दिला तो साठवण्यासाठी दिला आहे.

खोल गेलेला कंद

यशयाच्या त्या वचनात शारोनची वाळू नाही. अरण्य व रूक्ष भूमी आहे. आपल्या फुलाचे एक सख्खे भावंड दक्षिणेकडील नेगेबच्या वाळवंटात राहते, आणि तेही पावसाळ्याच्या तोंडाशीच फुलते. तेथे हरिणे त्याची फुले व पाने खातात, इतकेच नव्हे, तर खुरांनी वाळू उकरून कंदही कुरतडतात. जेथे हरिणांचा त्रास फार, तेथे कंद वाळूत अधिक खोल आढळतात, असे अभ्यासकांना दिसून आले आहे. वरचे खाल्ले जाते. जीव खोल राहतो.

बंधूंनो, जे संकट येते ते देवाने आपल्या भल्यासाठीच पाठवले, असे दुसऱ्याच्या दारात उभे राहून सांगण्याची घाई आपण करू नये. ज्या घरात तरुण मुलगा गेला, तेथे असले शब्द मीठ चोळल्यासारखे लागतात. यशयाही तसे सांगत नाही. तो सांगतो की दुर्बळ हातांना बळ द्या, लटपटणाऱ्या गुडघ्यांना आधार द्या, आणि ज्यांचे मन घाबरले आहे त्यांना धीर द्या, कारण तुमचा देव येत आहे (यशया ३५:३, ४). आधी हात धरावा, मग बोलावे. पण ज्याच्यावर दुःख आले त्याने स्वतःपुरते हे पाहावे, की वरचे सर्व खाल्ले गेले तरी देवामध्ये लपवलेले जीवन (कलस्सै ३:३) कोणाच्या खुराला लागत नाही.

पाऊस येईल तेव्हा बी तयार असावे

आता मुख्य गोष्ट. हे फूल पावसाची वाट का पाहत नाही? ऑगस्ट-सप्टेंबरात फुलल्यामुळे त्याची बोंडे पहिल्या पावसाच्या सुमारास पिकतात. पाऊस पडून वाळू ओली झाली की बी तेथे हजर असते, आणि हिवाळ्याच्या ओलीत रुजते. पाऊस पडल्यावर फुलू, असे ते म्हणेल तर बी पिकेपर्यंत ओल निघून जाईल. येणाऱ्या पावसाचा उपयोग ज्याला व्हावयाचा, त्याने पावसाआधी फुलले पाहिजे. देवाने त्याच्या ठायी हे ज्ञान ठेवले आहे.

यशयाचे वचनही असेच पावसाआधीचे आहे. त्याच्या ग्रंथात ३३ व्या अध्यायाचे ९ वे वचन पाहा. तेथे देश शोक करीत आहे, लबानोन कोमेजले आहे, आणि शारोन वाळवंटासारखा झाला आहे. तोच ग्रंथ दोन अध्यायांनंतर शारोनाच्या शोभेचे गीत गातो. हबक्कूकाची तर गोष्टच निराळी. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेताने अन्न दिले नाही, वाड्यात मेंढरू उरले नाही, असा सारा हिशेब मांडून तो म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन (हबक्कूक ३:१७, १८). हा पावसाआधीचा बहर आहे.

आपल्या मंडळ्यांचा विचार करा. मराठी मुलखाच्या सीमेवर आणि सीमेपलीकडे, बेळगावात, इंदुरात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास, हैदराबादेस, आपल्या मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. भोवतालची भाषा वेगळी, शाळेची भाषा वेगळी. तरुण कामधंद्यासाठी दूर गेले. कोठे कोठे रविवारच्या उपासनेला बाके रिकामी दिसतात, आणि मराठी गीतपुस्तक नातवंडांना वाचता येत नाही, अशी खंत वडीलधारी मंडळी बोलून दाखवतात. ही खंत खोटी नाही. पण तिच्या मागोमाग एक वाक्य येते, त्याला मी घाबरतो. ते वाक्य असे : ‘पूर्वीचे दिवस परत येऊ द्या, मग पाहू.’ मुले जमू लागली की शब्बाथशाळा नीट चालवू. माणसे वाढली की आजाऱ्यांच्या भेटीची व्यवस्था करू. आधी पाऊस पडू द्या, मग फुलू.

शारोनचे फूल असे म्हणत नाही. चारच मुले आहेत काय? त्या चौघांसाठी शनिवारी रात्री धडा तयार करा. गीत वाचता येत नाही काय? ऐकवून शिकवा, लिपी मागाहून येईल. देव जेव्हा आपला पाऊस पाठवील, आणि तो कधी पाठवील हे त्याच्या हाती आहे, तेव्हा आपल्या वाळूत बी हजर असले पाहिजे.

वारा पडण्याची वाट

ह्या फुलाविषयी आणखी एक नवलाची गोष्ट आहे. त्याच्याकडे संध्याकाळनंतर एक मोठ्या जातीचा पतंग येतो, आणि तो पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेतो. आयझिकोविच व गालील ह्या इस्राएलातील दोन शास्त्रज्ञांनी १९७१ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरांहून जास्त झाला की पतंग फुलांकडे येत नाही. समुद्रकाठी तर वारा नित्याचाच. म्हणजे पुष्कळ संध्याकाळी फूल उमलते, सुवास देते, आणि कोणी येत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी कळी उमलते. मग एखाद्या संध्याकाळी वारा पडतो.

वारा थांबवणे फुलाच्या हाती नाही. उमलणे त्याच्याकडे आहे. पौलाने लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढ मात्र देवाने दिली (१ करिंथ ३:६). उपदेशकाने, शिक्षकाने, आईने, रोजच्या संध्याकाळी उमलावे. कोणत्या संध्याकाळी वारा पडणार, हे आपल्याला विचारून ठरत नाही.

शारोनात जे घडले

आता नव्या करारात या. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात पेत्र फिरत फिरत लोद गावी येतो. तेथे ऐनेयास नावाचा मनुष्य पक्षाघाताने आठ वर्षे अंथरुणाला खिळलेला आहे. पेत्र त्याला म्हणतो की येशू ख्रिस्त तुला बरे करीत आहे. आणि तो उठतो. पुढच्या वचनात लूक लिहितो की लोद व शारोन येथे राहणाऱ्या सर्वांनी त्याला पाहिले व ते प्रभूकडे वळले. लंगडा हरिणाप्रमाणे उडी मारील, असे यशया ३५:६ मध्ये सांगितले होते. शारोनाची शोभा, दुर्बळ गुडघे, लंगड्याची उडी, हे सर्व त्या एकाच अध्यायात आहे; आणि शेकडो वर्षांनंतर त्याच शारोनात, येशूच्या नावाने, एक लुळा आपले अंथरूण आवरतो. पाऊस आला.

पण पावसाआधी तेथे काय होते? जवळच यापोत टबीथा, म्हणजे दुर्कस, नावाची शिष्या होती. ती मेली तेव्हा विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे पेत्राला दाखवू लागल्या. पेत्र येण्याच्या कितीतरी आधी ती सुई-दोरा घेऊन बसली होती. कोणी प्रेषित गावात नव्हता, कोणता चमत्कार घडला नव्हता. ती शिवत होती. यापोची पहिली फुले ती होत.

मग पेत्र त्याच गावी, समुद्रकाठी, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी बरेच दिवस राहिला. तेथेच त्याला तो दृष्टांत झाला, आणि तेथूनच तो किनाऱ्या-किनाऱ्याने कैसरीयास कर्नेल्याच्या घरी गेला. परराष्ट्रीयांसाठी दार उघडले ते ह्या वाळूच्या किनाऱ्यावर.

त्या किनाऱ्यावरच्या आपल्या फुलाचे बी कोळशाच्या तुकड्यांसारखे काळे, वेडेवाकडे आणि अतिशय हलके असते. वारा ते वाळूवरून ढकलीत नेतो, लाटा ते उचलतात, आणि ते समुद्रावर तरंगत दूर जाऊन दुसऱ्या वाळूत रुजते. म्हणूनच हे फूल भूमध्य समुद्राच्या काठी देशोदेशी दिसते. सुवार्ताही अशीच समुद्रावरून आपल्याकडे आली. १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावास सुरू झाले. हॉल साहेबांनी तेरा वर्षे मराठीतून उपदेश केला, नव्या कराराच्या भाषांतरासाठी कष्ट घेतले, आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूस प्रवासात असताना पटकीने ते वारले. त्यांच्या हयातीत त्यांना फळ फारच थोडे दिसले. ते पावसाआधी फुलले. आपण त्यानंतरच्या ओलीत रुजलो आहोत.

आपली वाळू

शारोनच्या किनाऱ्यावर आज मोठी शहरे उभी आहेत, आणि वाळूच्या टेकड्यांचा बराच भाग इमारतींखाली गेला आहे. उरलेल्या काही टेकड्या राखून ठेवल्या आहेत. रानफुले कोणी तोडू नयेत म्हणून त्या देशात १९६० नंतरच्या दशकात मोठी चळवळ झाली. कारण फूल टिकवावयाचे तर त्याची वाळू टिकवावी लागते. मंडळीचेही तसेच आहे. आपल्या मुलांनी विश्वासात राहावे असे आपल्याला वाटते; तर मग ज्या वाळूत तो विश्वास वाढतो, ती संध्याकाळची प्रार्थना, तो लहानसा वर्ग, ती आजाऱ्याची भेट, ही आपण मोडीत काढता कामा नये. ती वाळू दिसावयास भिकार आहे. देवाने मात्र आपले फूल तिच्यातच लावले आहे.

ह्या रविवारी उपासनेहून घरी गेल्यावर एकच गोष्ट करा. ‘पुढे बघू’ म्हणून जे काम बाजूला ठेवले आहे, त्याचा आरंभ ह्या कोरड्या दिवसांतच करा. एका मुलाला एक स्तोत्र शिकवा. एका घरी जाऊन या. पाऊस देणारा देव आहे.

प्रार्थना

हे परमेश्वरा, तू वाळूत कंद राखतोस आणि कोरड्या ऋतूत फुले उमलवतोस. आमचे हात दुर्बळ झाले आहेत, त्यांना बळ दे. ज्या घरांत दुःख आहे तेथे तू स्वतः जवळ ये. आमच्या मुलांच्या मनांत तुझे वचन खोल जाऊ दे. तुझा पाऊस येईल तेव्हा आमच्या मंडळीत तुला बी सापडो. तुझा पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त, ह्याच्या नावाने मागतो. आमेन.